मोहरी येईपर्यंत

रेम्ब्रांट या थोर डच चित्रकाराविषयी एक आख्यायिका गेली पावणेतीनशे वर्षे सांगितली जात आहे. जेर्सें नावाच्या पॅरिसच्या एका चित्रव्यापाऱ्याने रेम्ब्रांटच्या छापील चित्रांची सूची तयार केली आणि ती १७५१ साली प्रसिद्ध झाली. ही गोष्ट त्या सूचीतली. यान सिक्स हा रेम्ब्रांटचा सधन मित्र. त्याच्या गावाकडील घरी दोघे जेवावयास बसले असता पानात मोहरी वाढलेली नाही, असे ध्यानात आले. तिकडे मांसाबरोबर वाटलेली मोहरी तोंडी लावण्याची चाल आहे. सिक्सने नोकराला जवळच्या खेड्यात पिटाळले. हा नोकर किती रेंगाळतो हे रेम्ब्रांटला ठाऊक होते. तो परत येण्याच्या आत आपण एक चित्र कोरून दाखवू, अशी त्याने पैज मारली. लेप दिलेले तांब्याचे पत्रे त्याच्याजवळ नेहमी तयार असत. खिडकीतून जे दिसत होते ते त्याने पत्र्यावर रेखाटले आणि पैज जिंकली. ‘सिक्सचा पूल’ या नावाने प्रसिद्ध असलेले, १६४५ साल धारण करणारे चित्र ते हेच, असे म्हणतात.

रेडिओवरून चित्र दाखविता येत नाही, म्हणून ते थोडक्यात वर्णन करतो. वीतभर रुंदीचा कागद. सपाट प्रदेश, कालवा, कालव्यावर लहानसा लाकडी पूल, पुलाच्या कठड्याशी दोन माणसे. एकदोन शेलाटी झाडे, नावेचे शीड, आणि क्षितिजावर मनोऱ्याची एक बारीक रेघ. बाकी सारा कोरा कागद. आणि त्या कोऱ्या कागदातच हॉलंडचे विशाल आकाश मावलेले आहे. रेघा इतक्या मोजक्या आणि इतक्या वेगाने ओढलेल्या दिसतात की आख्यायिकेवर सहज विश्वास बसावा.

माझाही बसला होता. महाविद्यालयात असताना ही गोष्ट मी मोठ्या कौतुकाने सांगत असे. पुढे सरकारी नोकरीत शिरलो आणि नोकराच्या दिरंगाईवर पैज लावणाऱ्या माणसाविषयी, का कोण जाणे, आत्मीयता अधिकच वाढली. परंतु या चित्रांच्या घडणीची थोडी माहिती होऊ लागली तसतशी ही गोष्ट मला खटकू लागली. ती खोटी असेल म्हणून नव्हे. रेखाटन खरोखरच तेवढ्या वेळात झाले असेल. पण मोहरी येईपर्यंत जे झाले ते एकूण कामाचा किती लहानसा भाग होते, हे ती गोष्ट झाकून टाकते. ‘लेप दिलेले पत्रे तयार असत’ असे जेर्सें एका वाक्यात म्हणतो आणि पुढे जातो. आपण त्या वाक्यापाशी जरा थांबू.

तांब्याचा पत्रा तयार असणे म्हणजे काय? त्या काळी युरोपातील बरेचसे तांबे स्वीडनमधील फालुनच्या खाणीतून निघे. पत्रा ठोकून घडविला जाई. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी मठारकाम पाहिले असेल त्यांना हे सांगावयास नको की थंड तांब्यावर हातोडी बसत गेली म्हणजे धातू घट्ट आणि कणखर होतो. चित्रासाठीच्या पत्र्यालाही ही घट्टाई हवी असे, कारण मऊ तांब्यावरची रेघ छापताना लवकर झिजते. मात्र आपला तांबट हातोडीच्या खुणा शोभेसाठी ठेवतो, आणि येथे एकही खूण राहून चालत नसे. पाण्याचा दगड, मग प्युमिस दगड, मग कोळसा आणि शेवटी पोलादी घोटणी, या क्रमाने पत्रा आरशासारखा होईपर्यंत घासावा लागे. राहिलेला प्रत्येक ओरखडा शाई धरणार आणि नेमका आकाशात उमटणार. डचांच्या चित्रांत निम्म्याहून अधिक जागा आकाशाची असते, हे लक्षात घेतले म्हणजे घासणाऱ्याच्या हातावर केवढी जबाबदारी होती ते कळते.

त्यानंतर लेप. मेण, राळ आणि डांबरासारखा एक खनिज पदार्थ यांचे मिश्रण तापलेल्या पत्र्यावर पातळ, सारखे पसरावयाचे. लेप जाड झाला तर सुई अडते. पातळ राहिला तर आम्ल तो फोडून नको तेथे शिरते.

हे सगळे झाले की मग चित्रकार सुई हातात घेतो. सुईने तांबे कोरावयाचे नसते; फक्त लेप खरवडून खालचे तांबे उघडे करावयाचे असते. या कलेचे मर्म येथेच आहे. त्यापूर्वीच्या ताम्रकोरणीत पोलादी छिन्नी तळहाताच्या रेट्याने तांब्यात घुसवावी लागे. ते हात तयार होण्यास वर्षानुवर्षे उमेदवारी लागे आणि रेघ शिस्तीची, काहीशी ताठर होई. लेपावर मात्र सुई कागदावरच्या लेखणीसारखी धावते. चिलखतांवर आम्लाने नक्षी उठविणाऱ्या कारागिरांकडून ही युक्ती चित्रकारांनी घेतली. झाडांच्या पानांची सळसळ, गवताच्या कडा, पडक्या झोपडीचे शाकारलेले छप्पर, ही सारी डौलदार नसलेली, वेडीवाकडी सृष्टी पकडावयास असेच साधन हवे होते. १६०९ साली स्पेनशी बारा वर्षांचा तह झाल्यानंतर हार्लेम आणि ॲम्स्टरडॅमच्या चित्रकारांनी आपल्याच वाळूच्या टेकड्या, कालवे आणि झोपड्या रेखाटण्यास सुरुवात केली. सर्वसामान्य नागरिक भिंतीसाठी वा संग्रहासाठी ती छापील चित्रे विकत घेऊ लागले. बरोक म्हटले की आपल्यासमोर रोममधले सोनेरी देव्हारे आणि संगमरवरी देवदूत उभे राहतात; त्याच युगाने हा चिखलाचा रस्ताही चितारला आहे.

रेखाटन झाले, मोहरी आली, जेवण झाले. पत्र्यावर अद्याप चित्र नाही! लेपावर उमटलेली खरवड आहे, इतकेच.

खरे चित्र आम्ल करते. आब्राहाम बॉस या फ्रेंच कारागिराने १६४५ साली, म्हणजे ‘सिक्सचा पूल’ ज्या वर्षीचा त्याच वर्षी, या विद्येवर पॅरिसमध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील आम्लाची कृती वाचताना मला मौज वाटली: शिरका, मीठ, नवसागर आणि तांब्याचा जंगाल. यांपैकी नवसागर आपल्या कल्हईवाल्याच्या पेटीत असतो, आणि जंगाल म्हणजे कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट ठेवले की जो हिरवा कळंक चढतो तोच. ज्या कळंकाच्या भीतीने आपल्या आयाबाया भांडी कल्हई करून घेत आल्या, तोच तेथे मुद्दाम कामाला लावलेला. पत्रा तिरप्या फळीवर टेकवून ठेवावयाचा, वरून हे पाणी ओतावयाचे, खाली पन्हळीत साचले की पुन्हा भांड्यात भरून पुन्हा ओतावयाचे. हे पुनःपुन्हा, धार पत्र्यावर सर्वत्र सारखी पडेल अशा बेताने. यात प्रतिभा कोठे आहे, असे कोणी विचारील. मी म्हणेन, येथेच आहे. कारण जितका वेळ आम्ल रेघेत राहील तितकी रेघ खोल, आणि जितकी खोल तितकी काळी. दूरचा मनोरा फिकट हवा असेल तर थोड्या वेळाने पत्रा धुऊन, सुकवून, त्या भागावर चरबी-तेलाचा थर लावून तो झाकावयाचा आणि उरलेला भाग पुन्हा आम्लाखाली धरावयाचा. मग मधली झाडे झाकावयाची. अगदी पुढचा किनारा सर्वांत शेवटपर्यंत खाऊ द्यावयाचा. चित्रातील मैलाचे अंतर अशा रीतीने वेळेत मोजलेले असते. झाक कालो या लोरेनच्या कलावंताने ही झाकण्याची युक्ती पराकोटीला नेली. मेणाऐवजी तंतुवाद्ये घडविणाऱ्यांचे कठीण रोगण लेप म्हणून वापरून त्याने १६२० साली इंप्रुनेता गावची जत्रा एका पत्र्यावर उतरविली. तीत हजारावर माणसे आहेत, आणि डोंगरापर्यंत गर्दी फिकी होत जाते ती आम्लाच्या हिशेबाने.

या कामी थंडी-उन्हाळ्याने फरक पडतो, तांब्याच्या जातीने पडतो, जुन्या-नव्या आम्लाने पडतो. लेप एखाद्या ठिकाणी सुटला की तेथे ठिपक्यांची पुरळ उठते. तांब्यात शिरलेले आम्ल परत काढून घेता येत नाही.

आणि ‘सिक्सचा पूल’? सूचीकारांनी त्या चित्राच्या निरनिराळ्या प्रती ताडून पाहिल्या आहेत. पुलावरच्या दोन माणसांच्या टोप्या पहिल्या अवस्थेत पांढऱ्या, बिनछायेच्या आहेत. दुसरीत एक टोपी छायेत गेली आहे. तिसरीत दोन्ही. म्हणजे पहिली प्रत छापून पाहिल्यावर त्याला त्या टोप्या खटकल्या. त्याने पत्रा पुन्हा हाती घेतला, तांदळाएवढ्या एका टोपीवर चार रेघा वाढविल्या, पुन्हा छापून पाहिले, आणि दुसऱ्या टोपीसाठी हा सगळा खटाटोप परत केला. मोहरी तोपर्यंत केव्हाच संपली असणार. ज्या नजरेने ती टोपी पकडली त्या नजरेविषयी मला पैजेपेक्षा कितीतरी अधिक आदर वाटतो. जाता जाता हेही सांगितले पाहिजे की पुढील अभ्यासकांनी ही जागा आम्स्टेल नदीकाठची ठरविली आहे आणि दूरचा मनोरा औडरकेर्क गावचा. सिक्सच्या घराच्या खिडकीशी तिचा संबंध नाही.

आता छपाई. हा भाग पुस्तकात वाचून समजत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. दिल्लीत माझे एक चित्रकार स्नेही आहेत. त्यांच्याकडे असे एक यंत्र आहे. गुऱ्हाळातला चरक आडवा करून दोन रुळांमध्ये एक फळी सरकवावी, तसे त्याचे रूप. एका रविवारी त्यांनी मला पत्रा पुसावयास दिला. पत्रा मंद शेगडीवर कोमट करावयाचा, चिकट शाई बोळ्याने रेघारेघांत दाबून भरावयाची, आणि मग पृष्ठभागावरची सगळी शाई पुसून काढावयाची. रेघांमधली मात्र हलता कामा नये. आधी जाळीदार कापडाने, शेवटी उघड्या तळहाताने. मी मन लावून पुसले. ओला कागद ठेवला, वर लोकरीचे जाड कापड पसरले, चाक फिरविले. मोठ्या अपेक्षेने कागद उचलला तर धुक्यात हरवलेल्या गावासारखे काही तरी उमटले होते. स्नेही म्हणाले, “अहो साहेब, पुसायचं म्हणजे धुवायचं नव्हे.” दुसऱ्या खेपेस हात आखडता घेतला, तर भर दुपारच्या देखाव्यावर अमावास्या पसरली. तिसऱ्या खेपेस त्यांनी स्वतः पुसले. तळहाताच्या कडेने, हलक्या, जलद फटकाऱ्यांनी. आकाशात नाममात्र शाई ठेवली आणि पाणी अगदी स्वच्छ केले. पत्रा तोच, रेघा त्याच, पण चित्र निराळे. तीन प्रतींना आमची सकाळ गेली आणि माझ्या उजव्या हाताच्या रेषांतली शाई आठवडाभर गेली नाही. सोमवारी कार्यालयात सह्या करताना ती पाहून आमच्या शिपायाला मी कोठे तरी अंगठा देऊन आलो आहे, असे वाटले असावे.

बॉसचे १६४२ चे एक चित्र आहे, त्यात अशीच मुद्रणशाळा दाखविली आहे. एक जण शाई भरीत आहे, एक पुसत आहे, आणि एक जण यंत्राच्या आऱ्यांना हातांनी लोंबकळून, वर एक पाय टेकवून, सारे अंग लावून चाक ओढीत आहे. दोरीवर ओल्या प्रती वाळत घातलेल्या आहेत. तेव्हाच्या पत्र्यांच्या कोपऱ्यात लॅटिनमध्ये ‘याने केले’ म्हणून चित्रकाराची आणि ‘याने प्रसिद्ध केले’ म्हणून प्रकाशकाची नोंद असते. पुसणाऱ्याची नोंद ठेवण्याचा प्रघात नव्हता. आमच्या खात्यातही टिपणावर शेवटची सही ज्याची त्याचे ते टिपण होते, तेव्हा या बाबतीत डचांना किंवा फ्रेंचांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही.

या सर्व श्रमांचे मोल काय मिळाले, याचा विचार करू लागलो की मला रेम्ब्रांटच्या आधी हेर्क्युलेस सेगर्स आठवतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेला हा माणूस सुमारे १६३८ साली वारला. छापील चित्राचा व्यवहार एकाच पत्र्याच्या अनेक सारख्या प्रती या तत्त्वावर चालतो. सेगर्सने हे तत्त्वच मोडले. एक प्रत रंग दिलेल्या कागदावर, दुसरी कापडावर. एक निळ्या शाईत, दुसरी हिरव्या. कडा निरनिराळ्या कापलेल्या, वरून पुन्हा कुंचल्याने रंगविलेल्या. कोणीही कधी न पाहिलेले खडकाळ, निर्मनुष्य डोंगर. लेपाच्या खालून चित्र उचलून घेण्याची जी युक्ती पुढे अठराव्या शतकात इतरांनी नव्याने शोधली, ती त्याने आधीच वापरली होती. आज त्याचे सुमारे चौपन्न पत्रे माहीत आहेत आणि त्या सर्वांच्या मिळून जगात १८० च्या आसपासच प्रती शिल्लक आहेत.

रेम्ब्रांटचा शिष्य होगस्ट्रातन याने १६७८ साली लिहून ठेवले आहे की सेगर्सच्या कामाला गिऱ्हाईक नव्हते, त्याने घरातली अंगावरची आणि अंथरुणावरची कापडे चित्रे छापण्यात खर्ची घातली, आणि त्याच्या प्रती लोणी व साबण बांधण्यासाठी दुकानदारांकडे जात. यातील तिखटमीठ वगळले तरी काही गोष्टी पक्क्या उरतात. कापडावर छापलेल्या प्रती आजही आहेत. ॲम्स्टरडॅममध्ये १६१९ साली घेतलेले घर त्याला कर्जापायी सोडावे लागले. या घराच्या वरच्या खिडकीतून दिसणारे नोर्डरकेर्क हे देऊळ त्याने एका पत्र्यावर कोरले आहे. आणि एक मोठा पत्रा, ज्यावर त्याने जहाज कोरले होते, तो त्याने कापून त्याचे तुकडे निसर्गचित्रांसाठी वापरले. जुन्या रेघा पुरत्या घोटून जाईनात, म्हणून त्या डोंगरांवरच्या आकाशात जहाजाच्या डोलकाठ्या आणि दोर अंधूक दिसतात. मी ते प्रथम छायाचित्रात पाहिले तेव्हा मला ती कवीची कल्पना वाटली होती. तो तांब्याचा तुटवडा होता.

सेगर्सची किंमत ज्यांनी ओळखली त्यांत रेम्ब्रांट प्रमुख होता. १६५६ साली रेम्ब्रांटचे दिवाळे निघून त्याच्या घरातील चीजवस्तूंची यादी झाली, तीत सेगर्सची आठ तैलचित्रे नोंदलेली आहेत. मी नोकरीत अशा जप्तीच्या याद्या पुष्कळ वाचल्या आहेत. त्यांत सहसा जे सापडते त्यावरून माणसाची कुवत कळते, आवड क्वचितच. रेम्ब्रांटचे हे दिवाळे १६३९ साली तेरा हजार गिल्डरांना घेतलेल्या घरापासून सुरू झाले होते. ज्याचे पैसे थकले होते त्या क्रिस्टोफेल थेइस याच्या हार्लेमजवळील मळ्याचे एक विस्तीर्ण चित्र रेम्ब्रांटने १६५१ साली कोरले. त्यात आम्लाबरोबर त्याने कोरड्या सुईचाही उपयोग केला. ही सुई सरळ तांब्यात घुसते आणि नांगराच्या तासाला माती उचलावी तशी रेघेच्या कडेला तांब्याची बारीक भुरभुरी कड उभी राहते. त्या कडेत शाई अडकते आणि छापावर मखमली काळोखी येते. परंतु रुळाखालून जाताना दर खेपेस ती कड दबत जाते. काही डझन प्रती निघाल्या की मखमल गेली. तेव्हा ज्याला आपण ‘छपाई’ म्हणतो त्यातही पहिल्या आणि पन्नासाव्या गिऱ्हाइकाला एक चित्र मिळत नव्हते. याच सुमारास रेम्ब्रांट काही प्रतींसाठी जपानी कागद वापरू लागला होता. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आलेला, पिवळसर, मऊ, शाई अलगद धरणारा. कर्जात बुडालेला माणूस महाग कागद का घेतो, याचे उत्तर ती मखमल पाहिल्यावर मिळते.

सेगर्सचा एक पत्राही रेम्ब्रांटच्या हाती आला होता. तोबायस हा मुलगा आणि त्याला वाट दाखविणारा देवदूत, अशा दोन मोठ्या आकृती उजवीकडे आणि बाकी रान, असे त्याच्यावरचे चित्र. सुमारे १६५३ साली रेम्ब्रांटने हा पत्रा पुन्हा कामाला घेतला. आकृतींचा भाग त्याने खरवडून, घोटून साफ केला. त्या जागी झाडी आणि झाडीखाली, कितीतरी लहान, बाल येशूला घेऊन मिसरकडे निघालेले कुटुंब कोरले. डावीकडचे सेगर्सचे रान बहुतांशी जसेच्या तसे राहू दिले. तांबे खरवडणे हे कष्टाचे काम आहे. खोल रेघ नाहीशी करावयाची तर भोवतालचे तांबेही खाली न्यावे लागते, मग मागून ठोकून सपाटी आणावी लागते. रेम्ब्रांटने ते एका मर्यादेपर्यंत केले आणि सोडून दिले. त्यामुळे आजही ते चित्र हातात धरून पाहिले तर त्या कुटुंबाच्या माथ्यावरच्या पानांमध्ये सेगर्सच्या देवदूताच्या मोठ्या पंखाची कड दिसते.